फॉल्टची वाट पाहणारे नझीरभाई

नझीर मुकादम गेले त्या दिवशी आमच्या थिएटरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुपारपर्यंत जोडलेल्या हातांची रांग लागली. ज्यांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं त्यांनी ‘एक पर्व संपलं’ असं लिहिलं. एकाने हाराच्या चौकटीत चुकून भलत्याच मुकादमांचा फोटो टाकला, आणि त्याच्याखालीही तेवढेच हात जोडले गेले. नझीरभाईंनी हे पाहिलं असतं तर ते रागावले नसते. ‘फोटो बदलला कुठे?’ एवढंच विचारलं असतं. कोणी बदलला, या प्रश्नात त्यांना रस नसायचा.

पनवेलमधल्या आमच्या दोन पडद्यांच्या थिएटरचा मी मॅनेजर होतो. या पदाचं मुख्य काम म्हणजे समोसा गार असल्याची आणि एसी जास्त गार असल्याची तक्रार एकाच चेहऱ्याने ऐकणं. शेठनी मला नेमलं ते मी पुस्तकं वाचतो म्हणून. ‘आपल्याकडे एक वाचणारा माणूस पायजे,’ असं ते लोकांना सांगत. दारात जातिवंत कुत्रा असावा, तशातली ती हौस होती. शेठ मूळचे इथल्याच गावातले, शेती आणि मिठागरवाले. जमीन विमानतळात गेली आणि तिच्या जागी हे थिएटर आलं. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांना कोणतीही गोष्ट फीत कापल्याशिवाय सुरू झाली असं वाटत नसे. नव्या पॉपकॉर्न मशीनचीही त्यांनी फीत कापली होती.

नझीरभाईंचं काम काय होतं हे सांगायला हवं, कारण ते पुष्कळांना समजत नसे. हल्ली थिएटरात रिळं नसतात. सिनेमा संगणकात भरलेला असतो. ठरल्या वेळी दिवे आपोआप मंदावतात, पडदा सरकतो, चित्र सुरू होतं, मध्यंतराला दिवे परत येतात. हे सगळं एक यंत्र दुसऱ्याला वायरींमधून सांगत असतं. ऑपरेटर फक्त लक्ष ठेवतो. यातलं काही कायमचं बिघडलं तर दुरुस्त करायला माणसं खूप. पण जे बिघडतं आणि पाहायला गेलं की ठीक चालतं, त्यासाठी पनवेलपासून उरण, पेण, खोपोलीपर्यंत एकच माणूस बोलावला जाई. यंत्र नव्हे, थिएटरवाल्यांचं मन बिघडलं की नझीरभाईंचा फोन वाजायचा.

ते पनवेलच्याच मोहल्ल्यातले. मुंबईत डिप्लोमा केला, मग तरुणपण आखातात गेलं, तिथल्या सिनेमागृहांच्या देखभालीत. परत आले तेव्हा सोबत एक भारी पेन, इस्त्रीची सवय आणि कंत्राटदारांविषयीचा कायमचा संशय एवढं घेऊन आले. मेंदीने रंगवलेली दाढी, पांढरा शर्ट, खिशात ते पेन. बीबींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, जाड कापडाची एक पट्टी शिवून दिली होती. तिच्यात प्रत्येक पान्याला आणि पेचकसाला स्वतंत्र खिसा. ती पट्टी ते जमिनीवर अशी उलगडत की एखादा डॉक्टर ऑपरेशनला बसतोय असं वाटावं. त्यांना नम्र म्हणता येणार नाही. कोणी ‘वायरमन आला’ म्हटलं तर ते परत रिक्षात जाऊन बसत. एकदा खरंच बसले होते. मी जाऊन ‘मुकादमसाहेब’ म्हटलं तेव्हा उतरले.

त्यांचा पहिला नियम असा, की फॉल्ट समोर आल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही.

‘लोक काय करतात, मॅनेजरसाहेब,’ ते मला सांगत, ‘येतात, चार प्लग काढतात, परत खोचतात, मशीन चालू होते, चहा पिऊन जातात. चालू झाली म्हणजे बरी झाली काय? फॉल्ट आला होता, तुम्ही त्याला हाकललात. तो आता तुमच्यावर नाराज आहे. ऐन ईदला येईल. नाहीतर दिवाळीला.’

म्हणून ते बसत. बूथमध्ये स्टूल घेऊन, हात मांडीवर ठेवून, यंत्राकडे बघत. पेपर वाचायचा नाही, मोबाइल बघायचा नाही. शेठच्या भाच्याने, रितेशने, पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा तो मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘सर, हा माणूस काय करतोय?’

‘वाट पाहतोय.’

‘कोणाची?’

‘फॉल्टची.’

‘अरे मग मी पण बसतो ना. मला द्या पैसे.’

उरणला मोरा बंदराच्या वाटेवर एका थिएटरात सिनेमा चालू असताना पडदा मधूनच बंद व्हायचा. तीन वेगवेगळ्या लोकांनी मोटर बदलली. नझीरभाई गेले आणि बसले. पडदा बंद झाला तेव्हा त्यांनी मोटरकडे पाहिलंच नाही. दिवा किंचित मंदावल्याचं पाहिलं, उठले आणि रस्ता ओलांडून समोरच्या बर्फाच्या कारखान्यात गेले. तिथे मासळीसाठी बर्फ फोडायचं यंत्र होतं. ते सुरू झालं की गल्लीतली वीज क्षणभर दबायची, आणि तेवढ्यात पडद्याच्या यंत्राला वाटायचं की खेळ संपला. अर्धा दिवस ते त्या कारखान्यात गारठत बसले, खात्री होईपर्यंत. सर्दी घेऊन परत आले आणि समाधानाने शिंकत होते.

ते नेहमी बरोबरच ठरत असंही नाही. खोपोलीच्या एका मॅनेजरला त्यांनी ठामपणे सांगितलं होतं की दोष प्रोजेक्टरमध्ये आहे. नंतर कळलं की एक वायर भिंतीत उंदराने कुरतडली होती. तोवर ती दुसऱ्या कोणीतरी बदलली होती आणि मॅनेजर सगळं विसरूनही गेला होता. नझीरभाई कोणी न बोलावता एसटीने खोपोलीला गेले, त्या माणसासमोर उभे राहिले आणि म्हणाले, ‘मी चुकलो होतो. जागा चुकली माझी.’ मॅनेजरला वाटलं, म्हातारा काहीतरी विकायला आलाय.

घरी गेलं की बीबी त्यांची चेष्टा करायच्या. त्यांच्या दाराची घंटा मधूनच आपोआप वाजे. ‘दोन वर्षं झाली,’ बीबी मला चहा देत म्हणाल्या, ‘मी दार उघडते, कोणी नाही. यांना सांगितलं तर म्हणतात, माझ्यासमोर कुठे वाजली? आता माझं म्हणणं खरं करायला मी त्या घंटेला काय रिश्वत देऊ?’

नझीरभाई शांतपणे बशीत चहा ओतत म्हणाले, ‘येईल. तिला घाई नाही, मला नाही. तुलाच आहे.’

हसणं एका बाजूला. त्यांच्या दुसऱ्या नियमात हसण्यासारखं काही नव्हतं. आगीच्या अलार्मची एक वायर प्रोजेक्टरपर्यंत आलेली असते. अलार्म झाला तर चित्र बंद, आवाज बंद आणि सभागृहातले सगळे दिवे पूर्ण चालू, म्हणजे लोकांना बाहेर पडता यावं. हीच जोडणी खोटा इशारा देऊ लागली तर भर खेळात दिवे लागतात आणि प्रेक्षक शिट्ट्या मारतात. अशा वेळी बहुतेक थिएटरवाले एकच गोष्ट सांगतात, ‘ती वायर काढून टाका, डायरेक्ट करा.’ नझीरभाई ते करत नसत. आखातात मजुरांच्या वस्तीतल्या एका सिनेमाघराची ती वायर अशीच काढली गेली होती, आणि मग तिथे खरी आग लागली. दिवे लागलेच नाहीत. अंधारात दाराशी जे झालं ते साफ करायला गेलेल्यांत नझीरभाई होते. एवढंच ते सांगत. पुढचं विचारलं तर पिशवी आवरायला लागत.

आमच्याकडे नेमकी तीच जोडणी बिघडली.

दिवाळी होऊन गेली होती. पहिल्या पडद्यावर सकाळच्या खेळात मधेच चित्र गेलं, आवाज गेला, दिवे लागले. आग कुठेही नव्हती. अलार्मच्या पेटीवर काही नोंद नव्हती. खेळ परत सुरू केला, पार पडला. काही दिवसांनी पुन्हा तेच. मग पुन्हा. दर वेळी सकाळीच, आणि दर वेळी जनार्दन घरत ड्यूटीवर असताना.

जनार्दन आमचा जुना ऑपरेटर. बेलपाड्याकडचा, पन्नाशी ओलांडलेला. रिळांच्या काळापासून बूथमध्ये आयुष्य काढलेला. सकाळची पाळी त्याची, संध्याकाळची रितेशची. रितेशच्या पाळीत कधीही काही व्हायचं नाही. शेठना यातून जो अर्थ काढायचा तो त्यांनी काढला.

‘जना झोपतो,’ ते मला म्हणाले. ‘झोपंत हात लागतो कुठंतरी. नायतर सकालीच का व्हतं? रितेशच्या टायमाला का नाय व्हत?’

मी म्हटलं, पाळ्या बदलून बघू. रितेशला सकाळी पाठवा, लगेच कळेल.

‘तो उठतो का सकाली?’ शेठ म्हणाले. त्यावर त्यांच्याकडेही उपाय नव्हता.

महिनाअखेर जनार्दनला काढायचं, असं त्यांनी ठरवलं. नझीरभाईंना मी बोलावलं ते त्यानंतर. शेठची अट एकच, की महिनाअखेरपर्यंत काय ते शोधा, नाहीतर वायर डायरेक्ट करा आणि जना घरी.

नझीरभाई रोज सकाळी पहिल्या खेळाआधी येऊन स्टुलावर बसू लागले. जनार्दन यंत्राजवळ, नझीरभाई दाराजवळ. आणि अर्थातच फॉल्ट येईना. दिवस जात होते. खाली कॅन्टीनमध्ये कुजबुज सुरू झाली, की म्हातारा समोर बसलाय म्हणून जना जागा राहतो, आणि जागा राहतो म्हणून काही होत नाही. मला ते तर्कशुद्ध वाटलं नाही, पण लोकांना पटलं होतं. आणि वाईट म्हणजे जनार्दनलाही थोडं पटायला लागलं होतं.

एका सकाळी मी वर गेलो तेव्हा तो नझीरभाईंना विचारत होता, ‘चाचा, एक सांगू? माजाच डोला लागत आसंल का? घरात बायको पन ईचारते. बोलते, झोपला आसशील, मान्य कर, पाया पड शेठच्या. मी बोललो मी नाय झोपलो. पन रोज रोज सगली बोलतात तं आता मनाच खात्री नाय वाटत. मानसाला झोप लागली त्याला कसा कललं?’

नझीरभाईंनी यंत्रावरून नजर काढली नाही. ‘तू झोपलास तर मला कळेल,’ ते म्हणाले. ‘मी इथेच आहे. तू तुझं काम कर, शक माझ्याकडे दे.’

त्यानंतर हवा बदलली. दोन दिवस आभाळ आलं. खाडीकडून ओला वारा सुटला, सकाळी गाड्यांच्या काचांवर पाणी धरायला लागलं. त्या सकाळी मी बूथमध्ये होतो, कारण प्रोजेक्टरच्या दिव्याच्या कागदांवर सही हवी होती. जनार्दन उभा होता, दोन्ही हात पाठीमागे. खिडकीतून खाली सभागृहात दोघं प्रेमात पडलेले दिसत होते, आणि थोडे एसीसाठी आलेले. चित्र गेलं. आवाज गेला. दिवे लागले.

जनार्दन जागचा हलला नाही. मग त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. ‘बगितलात?’ तो ओरडला. ‘चाचा, बगितलात ना? सायेब, तुमी पन बगितलात ना?’ आणि रडायला लागला.

‘बघितलं,’ नझीरभाई म्हणाले. ‘रड, पण हात लावू नको कशाला.’

ते यंत्राकडे गेलेच नाहीत. दाराजवळच्या भिंतीवर गुडघ्याच्या उंचीवर एक छोटी डबी आहे. अलार्मची वायर तिच्यातून पुढे जाते. तिच्यावरचा लाल ठिपका क्षणभर लुकलुकलेला त्यांनी पाहिला होता. खाली अलार्मच्या पेटीने काही सांगितलं नव्हतं, वर यंत्राला मात्र इशारा मिळाला होता, म्हणजे खोटं बोलणारा या डबीत होता. ते तिच्यासमोर उकिडवे बसले आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. मग बोटाने मला जमीन दाखवली. मुंग्यांची बारीक रांग भिंतीवरून चढून त्या डबीत जात होती.

‘मुंग्यांना करंटची हौस नसते,’ ते म्हणाले. ‘आत काहीतरी गोड आहे.’

झाकणाचा वरचा स्क्रू केव्हाचा पडलेला होता, त्यामुळे वर फट होती. जनार्दन तोवर यंत्रापाशी खेळ परत सुरू करण्यात गुंतला होता. झाकण काढलं. आत वायरींच्या टोकांवर पिवळसर, चिकट, वाळलेला थर होता. नझीरभाईंनी वास घेतला. चष्मा काढला, पुसला, परत वास घेतला. मग कधी नव्हे ते त्यांनी मान खाली घातली.

मलाही उमगलं. दसऱ्याला बूथमध्ये यंत्रांची पूजा झाली होती. ती दरवर्षी जनार्दनच करतो, हळदकुंकू आणि झेंडूचा हार, संपलं. यंदा शेठ स्वतः आले होते, फोटोग्राफर घेऊन. नारळ बाहेर पायरीवर फोडायची पद्धत, पण बाहेर उजेड बरा नव्हता. म्हणून शेठनी तो बूथच्या दारात, उंबऱ्याच्या लोखंडी पट्टीवर फोडला. दणक्यात फुटला. पाणी भिंतीवर उडालं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. नारळाचं पाणी वाळलं, साखर आणि क्षार राहिले. रात्रभर एसी बंद असला आणि हवा ओली असली की तो थर ओल धरायचा आणि दोन वायरींमध्ये पूल बांधायचा. दुपारपर्यंत यंत्रांच्या उष्णतेने तो सुकून जाई. रितेशला कधीच काही दिसलं नाही याचं सगळं श्रेय त्याच्या उशिरा उठण्याला होतं.

नझीरभाईंनी डबी पुसली नाही. खेळ संपल्यावर, सभागृह रिकामं असताना आणि जनार्दन जेवायला खाली गेलेला असताना, त्यांनी शेठना वर बोलावलं. रिकाम्या सभागृहात जाहिराती चालू ठेवल्या.

‘शेठ, खाली बसा जरा.’

शेठचं पोट आणि पांढरी पँट दोन्ही बसण्याच्या विरोधात होती, पण ते बसले.

‘आता या डबीवर तोंडाने वाफ सोडा. चष्मा पुसताना सोडतो तशी.’

‘मी?’

‘हो. तुम्हीच.’

शेठनी तोंड जवळ नेऊन ‘हाss’ केलं. खिडकीपलीकडे चित्र गेलं, आवाज गेला आणि सगळे दिवे लागले. शेठ दचकून मागे भिंतीला टेकले. त्यांनी परत एकदा करून पाहिलं. परत तेच झालं.

‘नारळाचं पाणी आहे, शेठ,’ नझीरभाई म्हणाले. ‘दसऱ्याचं.’

यानंतर ‘कोणी’ हा शब्द उच्चारायची गरज नव्हती. शेठ उठले, पँट झटकली. मग म्हणाले, ‘साफ कर आनी विषय संपव. जनाला मी ठेवतो. पन ही गोष्ट या खोलीतच राहू दे, मुकादम. तुज्या पन भल्याची हाय.’

नझीरभाई म्हणाले, ‘जनार्दनला सांगावं लागेल.’

‘मी सांगतो काय सांगायचं ते.’

दुसऱ्या दिवशी सकाळी, खेळाआधी, शेठनी सगळ्या स्टाफला खाली लॉबीत गोळा केलं. त्यांना जे सांगायचं असे ते माणसं गोळा केल्याशिवाय सांगता येत नसे. रितेशही हजर होता, हे त्या प्रसंगाचं महत्त्व. शेठ म्हणाले, चूक माणसाकडूनच होते. जना आपला जुना माणूस. वय झालं, डोळा लागतो. पण आपण घरची माणसं, मोठ्या मनाने माफ केलं. कोणीतरी टाळ्या सुरू केल्या. जनार्दन मान खाली घालून उभा होता. डबीतलं त्याला अजून काहीच माहीत नव्हतं. टाळ्या त्याच्यासाठी होत्या, आणि त्या ऐकताना त्याच्यातला काल रडून मोकळा झालेला माणूस पुन्हा कुठेतरी निघून जात होता. ‘उपकार झाले, शेठ,’ असं तो पुटपुटलाही.

नझीरभाई डबी साफ करून जिन्यावरून उतरत होते. पिशवी खांद्याला. ते तिसऱ्या पायरीवर थांबले.

‘शेठ, माफी परत घ्या.’

टाळ्या थांबल्या.

‘जनार्दन जागा होता,’ ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. ‘प्रत्येक वेळी जागा होता. डबीत नारळाचं पाणी गेलं होतं, दसऱ्याच्या दिवशी. ते ओलं झालं की खेळ थांबायचा. मी तपासलंय. त्यात याचा काही संबंध नाही.’

त्यांनी कोणाचं नाव घेतलं नाही. पण शेठ उभे होते त्यांच्या बरोबर मागे, लॉबीच्या भिंतीवर, मोठ्या सोनेरी चौकटीत तो फोटो लावलेला होता. बूथचं दार, फेटा बांधलेले शेठ आणि त्यांच्या डोक्यावर उचललेला नारळ. सगळ्यांच्या नजरा शेठवरून उठून तिथे गेल्या. झाडूवाल्या मावशींनी तर मान वाकडी करून फोटो नीट पाहिला.

रितेश पुढे आला. ‘म्हंजे आमच्या पूजेनी मशीन बिगडली बोलतोस? तू बोलतोस हे?’

त्या ‘तू’ने लॉबीतली हवा बदलली. दोघातिघांच्या हातात मोबाइल आले. हल्ली कोणत्या वाक्याचं काय होतं हे आपल्याला माहीत आहे, आणि नझीरभाईंना ते आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं. त्यांना मोहल्ल्यात परत जायचं होतं.

‘पूजेने नाही, बेटा,’ ते म्हणाले. ‘पाण्याने. मक्केच्या झमझमचं असतं तरी हेच झालं असतं. पूजा करा, दरवर्षी करा. नारळ पायरीवर फोडा.’

रितेश आणखी काही बोलणार होता. शेठ त्याच्याकडे न बघता म्हणाले, ‘गप रं.’ मग ते नझीरभाईंकडे वळले. चेहरा लाल झाला होता, पण त्यात रागाबरोबर आणखी काहीतरी होतं. फोटो आपल्या मागे आहे हे त्यांना आठवलं असावं. ‘झालं ना काम तुमचं?’ त्यांनी पहिल्यांदाच ‘तुमचं’ म्हटलं. ‘मग या आता. पुन्हा यायची गरज नाय.’

‘बरं,’ नझीरभाई म्हणाले.

जनार्दनला काढलं नाही, हे शेठच्या बाजूने सांगायला हवं. माफीचा विषयही त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. मेंटेनन्सचं काम दुसऱ्या एका कंपनीला गेलं. तिची माणसं छापील टी-शर्ट घालून येतात, चार प्लग काढतात, परत खोचतात. आसपासच्या एक-दोन थिएटरांनीही मग नझीरभाईंना बोलावणं कमी केलं. कोणी कारण सांगितलं नाही. त्यानंतर ते थोडीच वर्षं होते, बहुतेक घरीच. पण मला ते आठवतात ते त्याच सकाळचे.

मी त्यांना सोडायला मागच्या बाजूने, पार्किंगकडे निघालो होतो. पहिला खेळ सुरू झाला होता. पहिल्या पडद्याची मागची भिंत तिथेच लागते. एवढ्यात बूथच्या लोखंडी जिन्यावर धाडधाड पावलं वाजली आणि जनार्दन खाली आला. चालू खेळ सोडून बूथबाहेर आलेला जनार्दन मी तोवर पाहिला नव्हता. घरात मयत झाल्याचा फोन आला होता, तेव्हाही तो मध्यंतरापर्यंत थांबला होता. तो धावत आला, नझीरभाईंसमोर उभा राहिला. मग तो खाली वाकायला लागला. नझीरभाईंनी दंडाला धरून त्याला उभं केलं.

‘शो चालू आहे ना?’

‘हाव.’

‘मग इथे काय करतोस?’

‘चाचा, तुमी नसता बोल्लात तं मी मरेपरत...’

‘वर जा, जनार्दन.’

‘चाचा—’

‘तू जागा माणूस आहेस. चालू शो सोडून उभा राहू नको. जा.’

जनार्दनने डोळे पुसले, सदरा खाली ओढून नीट केला आणि जिना चढून गेला. वर दार लागल्याचा आवाज आला.

मला वाटलं, आता निघायचं. पण नझीरभाई हलले नाहीत. ते भिंतीजवळ गेले, पिशवी खाली ठेवली आणि कान भिंतीला लावून उभे राहिले. आतून नायकाचे दणदणीत संवाद अस्पष्ट येत होते, मग गाणं सुरू झालं. हवा तशी ओलीच होती. इस्त्रीच्या शर्टाला भिंतीचा चुना लागत होता, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. गाणं कुठेही न तुटता पुरं झालं. पुढचा प्रसंग सुरू झाला. आत कोणीतरी हसलं, मग सगळं सभागृह हसलं.

त्यांनी पिशवी उचलली आणि गेटकडे चालू लागले.